वापरकर्ता क

माझा भाऊ अचानक फार चांगला वागायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. संशय फक्त मला आला.

ज्या माणसाने न्हाणीघरातला गळका नळ "बघू" एवढ्या एका शब्दावर वर्षानुवर्षं गळत ठेवला, त्याने एका रविवारी घरातले सगळे नळ बदलले. वहिनीला फ्यूज बदलायला शिकवलं. तिला नको होतं तरी पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. कुठले कागद कुठल्या कप्प्यात, ते तिच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. हातातलं घड्याळ ऑफिसच्या शिपायाला देऊन टाकलं. आणि कहर म्हणजे, आपली कंपासपेटी मुलीला दिली. निळ्या मखमलीची, पितळी हत्यारांची ती पेटी. तिला हात लावला म्हणून लहानपणी मी दादाच्या हातचा मार खाल्लाय. पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्याने सगळी हयात त्या पेटीवर काढली, आणि आता म्हणाला, "घे, तुला लागेल. मला काय करायचीय?"

"वय झालं की माणूस मऊ होतो, वन्सं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात नव्या नळांचा आनंद होता.

मी छापखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. कागद, शाई, खळ. आत काय आलं, बाहेर काय गेलं, हे बघण्यात माझा जन्म गेला. माणसांकडेही मी त्याच नजरेने बघते. लोक मला खवचट म्हणतात. असेन. पण दुकानदार माल फुकट वाटायला लागला, तर मी त्याला दानशूर म्हणत नाही. दुकान बंद करतोय का, ते आधी विचारते.

दादाच्या बाबतीत माझा अंदाज वेगळा होता. दुकान बंद होत नाहीये, दुसरीकडे उघडतंय, असं माझं मत. कारण त्याचं संध्याकाळचं उशिरा येणं. ऑफिस सुटलं की घर पायी जवळच. पण हल्ली हा दिवेलागण उलटून गेल्यावर यायचा, आणि हात गार. विचारलं की "ओव्हरटाइम".

"रेकॉर्डरूममध्ये कसला रे ओव्हरटाइम?" मी एकदा टोकलं. त्याच्या ड्रॉइंग टेबलाच्या जागी कॉम्प्युटर आल्यावर त्याला तळमजल्यावर जुने नकाशे सांभाळायला बसवलं होतं. "नकाशे काय संध्याकाळी अंगाई ऐकल्याशिवाय झोपत नाहीत?"

दादा हसला. हल्ली तो माझ्या प्रत्येक विनोदावर हसायचा. हेही पूर्वी नव्हतं.

"असेल कुणीतरी," मी वहिनीला म्हटलं. "नकाशांपेक्षा बरी दिसणारी."

"काहीतरीच तुमचं!" वहिनी म्हणाली, पण त्या दिवशी तिने त्याचे सदरे धुण्यापूर्वी हुंगून बघितले. तिला कसलाच वास आला नाही. फक्त ओलसर, लोखंडाच्या गंजासारखा काहीतरी.

हे सगळं चालू असताना घरात दुसरा घोळ होता तो खडूचा. खडू म्हणजे दादाची एकुलती एक. रांगायच्या वयात खडू घेऊन फरशीवर रेघोट्या मारायची, तेव्हापासून हेच नाव. आता बारावी झालेली, आणि विद्यापीठात कुठे जायचं यावरून आमच्या जेवणाच्या टेबलाचं युद्धभूमीत रूपांतर झालेलं. चित्रकला, डिझाइन की आर्किटेक्चर? तिन्ही विभाग एकाच आवारात, तिन्हींच्या परीक्षा ती पास, आणि तिन्हींची पत्रकं फ्रिजवर चिकटवलेली. वहिनीचं मत आर्किटेक्चर, कारण इमारत निदान उभी राहते. माझं मत डिझाइन, कारण आमच्या छापखान्यात डिझाइनवाली मुलं येतात आणि कधीच घाईत दिसत नाहीत. खडूचा जीव चित्रकलेत, पण हे ती मोठ्याने म्हणायची नाही.

आणि दादाचं मत विचारलं की एकच. "तुला पटेल ते घे."

"बाबा, तू ड्रॉइंगमधला माणूस. तू नाही सांगणार तर कोण?"

"तुला पटेल ते."

एवढं बोलून तो ताट उचलून स्वतः धुवायचा. हेही नवीन.

विभागांची दारं पालकांना उघडी असतात असा एक शनिवार आला. आम्ही तिघी निघालो. दादाचं ऑफिस अर्धा दिवस होतं.

"तू दुपारी तिथेच ये ना परस्पर," खडू म्हणाली.

"तुम्ही जा. मी नंतर..." दारात उभा राहून त्याने खडूच्या डोक्यावरून हात फिरवला. "नीट बघ सगळं," म्हणाला. मग वहिनीकडे बघून म्हणाला, "गॅस बंद केलाय मी." आणि माझ्याकडे बघून नुसताच हसला. जिन्यावरून उतरताना मला उगीचच वाटलं, की हा आपल्याला निरोप देतोय, खरं तर घराबाहेर पडतोय आपण. पण असल्या वाटण्यांची मी नोंद ठेवत नाही.

कुठल्याही जागेची पारख मी तिथल्या कचऱ्यावरून करते. माहितीपत्रकात सगळेच हुशार असतात. कचऱ्याच्या डब्याला खोटं बोलता येत नाही. चित्रकला विभागाच्या डब्यात फाडलेली चित्रं होती, पण दोन तुकडे करून, पुन्हा जोडता येतील अशी. म्हणजे फाडणाऱ्याला मागून कुणीतरी "अरे, का फाडलंस?" म्हणावं असं वाटत होतं. सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. मास्तर मंडळींच्या बुटांवर रंग, आणि तो त्यांनी मुद्दाम ठेवल्यासारखा.

दारातच मोठा फलक होता: 'एक जागा, तीन विभाग.' अंबाड्यात ब्रश खोचलेली एक मुलगी पुढे आली आणि समजावून सांगायला लागली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिन्ही विभागांत मिळून एकच जागा दिली होती. विद्यापीठाच्या मागच्या फाटकापलीकडे कालव्यावरचा जुना पायपूल. सगळ्यांनी सहा महिने त्या पुलाचं निरीक्षण करायचं. चित्रकारांनी तो रंगवायचा, डिझाइनवाल्यांनी तिथल्या माणसांच्या गरजा शोधायच्या, आणि आर्किटेक्चरवाल्यांनी त्यात काहीतरी प्रत्यक्ष बांधायचं.

"म्हणजे तुम्हाला एकाच बैठकीत तिन्ही अभ्यासक्रमांतला फरक कळतो," ब्रशवाली म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून बरेचदा म्हटलेलं असावं.

आत एका लांब भिंतीवर कोळशाने काढलेली मोठमोठी चित्रं ओळीने लावली होती. सगळ्यांत एकच माणूस, पाठमोरा, कठड्याशी उभा. एक खांदा किंचित खाली. पहिल्या चित्रात झाडांना पानं होती, पुढे पुढे फांद्या उघड्या पडत गेल्या, माणूस तोच.

"मानेवरचे केस कापायला हवेत याचे," वहिनी म्हणाली. अगदी सहज, घरातल्या माणसाबद्दल म्हणावं तसं. मग स्वतःच हसली. "आमच्या ह्यांच्यासारखाच दिसतो नाही, पाठीमागून?"

त्या चित्रांत मी शेजारी कुणी बाई उभी आहे का ते शोधत होते. नव्हती. प्रत्येक कागदावर तो एकटा, आणि एक पिशवी. तिचा एक बंद तुटलेला आणि त्या जागी सुतळी बांधलेली. ती सुतळी आमच्या छापखान्याच्या गठ्ठ्यांची होती, आणि ती गाठ मी मारली होती.

खडू एका चित्राकडून दुसऱ्याकडे जात होती. "पिशवी हलतेय," ती म्हणाली.

"अरे वा, लक्षात आलं तुझ्या!" ब्रशवाली खूश झाली. "आधी पायाशी असायची. मग तो ती जरा बाजूला ठेवायला लागला. मग आणखी लांब. शेवटच्या चित्रात बघ, पार दिव्याच्या खांबापाशी. त्यामुळे चित्रात एक ताण तयार होतो."

"हे कोण आहेत?"

"माहीत नाही. रोज येतात."

"तुम्ही बोलला नाहीत त्यांच्याशी?"

"छे! तो नियमच आहे. बोललं की माणूस बदलतो."

वहिनी अजून हसत होती, पण ते हसू चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "ह्यांची पिशवी..."

"पुढे जाऊ," मी म्हटलं.

डिझाइन विभागाच्या डब्यात फक्त रंगीत चिकटकागद होते. भिंतींवर त्याहून जास्त. खोली स्वच्छ, चहा गरम, आणि घरात टोपी घातलेला एक उत्साही मुलगा. आम्ही काही विचारायच्या आत त्याने आम्हाला एका तक्त्यापुढे उभं केलं. पुलाचा नकाशा, त्यावर रंगीत दोरे, प्रत्येक दोरा म्हणजे एक माणूस.

"वापरकर्ता अ, कुत्रं फिरवणारे आजोबा. वापरकर्ता ब, शाळेतली मुलं. हे नुसते जातात. पण आमचा खरा शोध म्हणजे वापरकर्ता क." त्याने काळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. दोरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निघत होता, पुलाच्या मध्यावर थांबत होता, आणि तिथे टाचणीभोवती त्याचे वेढ्यावर वेढे बसले होते. मग तो आमच्या गल्लीच्या दिशेने निघून जात होता. "वापरकर्ता क थांबतो! बराच वेळ थांबतो. आणि त्याला तिथे काहीच सोय नाही."

त्याने रकाने वाचून दाखवले. पिशवी खाली ठेवतो, गरज: खुंटी. चष्मा काढून खिशात ठेवतो. गरज: चष्म्यासाठी सुरक्षित खण. दोन्ही हातांनी कठडा धरून पुढे वाकतो. गरज: कोपराला आधार. शेवटचा रकाना होता, भावना. त्यात हसऱ्या तोंडाचं पिवळं चित्र चिकटवलं होतं आणि लिहिलं होतं, 'निवांत'.

"निवांत," वहिनी म्हणाली.

"हो ना. कामावरून सुटलेला माणूस, पाण्याकडे बघत..."

"चष्मा काढून?" वहिनीचा आवाज चढला. "अरे बाळा, चष्मा काढला तर त्याला ताटातलं वाढलेलं दिसत नाही. चष्मा काढून तो काय बघतो?"

टोपीवाला गोंधळला. त्याच्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता.

वहिनीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. नळ, फ्यूज, कप्प्यांतले कागद, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करून जाताना मला दिसत होतं, कारण तेच माझ्याही डोळ्यांसमोरून जात होतं. आम्ही दोघींनी ते सगळं चुकीच्या खात्यात मांडलं होतं.

खडूने एकच विचारलं. "हल्ली कधी येतात?"

"रोज! आधी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचे. आता रोज. वापर वाढलाय," टोपीवाला म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "शनिवारी तर दुपारीच येतात. आमची खुंटी आणि खण कालच बसवलाय तिथे. आर्किटेक्चरवाल्यांच्या बांधकामातच. त्यांचं मॉडेल बघितलंत का? शेजारच्या इमारतीत..."

खडू दाराबाहेर पोचली होती.

आर्किटेक्चरचा कचऱ्याचा डबा मी बघितला नाही. एका मोठ्या टेबलावर पुलाचं मॉडेल होतं, पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्याचं. त्याच्या मधल्या भागात कठडाच नव्हता. तिथे पाण्याच्या बाजूला एक सपाट फळी पुढे आलेली, आणि फळीच्या अगदी टोकाला पुठ्ठ्याचा एक माणूस चिकटवलेला. हाताच्या नखाएवढा. एक खांदा खाली.

मॉडेलमागे प्राध्यापक बाई उभ्या होत्या. काळे कपडे, जाड काळा चष्मा, आवाज असा की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. "निरीक्षणातून असं लक्षात आलं," त्या म्हणाल्या, "की हा माणूस रोज पाण्याकडे ओढला जातो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये काय आहे? कठडा. म्हणून मुलांनी धाडसी निर्णय घेतला. अडथळा काढला."

"प्रत्यक्षात?" खडूने विचारलं.

"प्रत्यक्षात. रीतसर परवानगीने. उद्या उद्घाटन आहे."

"आणि आत्ता तिथे काय आहे?"

"आत्ता?" बाईंना असल्या बारीकसारीक प्रश्नांची सवय नसावी. "काचेचा पडदा बसायचा आहे कडेला. तो सोमवारी येईल. तोपर्यंत दोरी बांधलीय."

खडूने हात पुढे केला आणि मॉडेलवरचा तो पुठ्ठ्याचा माणूस उचकटून काढला. कट्‌ असा बारीक आवाज झाला.

"अगं! मॉडेलला हात लावायचा नाही!" बाई ओरडल्या.

खडू धावत सुटली होती. तिच्यामागे वहिनी, चपला हातात घेऊन. आणि तिच्यामागे मी, जी गेल्या कित्येक वर्षांत बससाठीसुद्धा धावलेली नाही.

मागच्या फाटकातून पूल समोरच दिसतो. दुपार कलली होती, वारं नव्हतं, कालव्याचं पाणी काळं आणि जाड दिसत होतं, शाईच्या पिंपासारखं. पुलाच्या मध्यावर दादा उभा होता. पिशवी नव्या खुंटीला अडकवलेली. चष्मा खणात, काचा वर करून. पोरांनी मापं अगदी चोख घेतली होती. सगळं जिथल्या तिथे बसलं होतं. दादा दोरीच्या पलीकडे होता. कापलेल्या कठड्याचा उरलेला खांब त्याने एका हाताने धरला होता.

पुलाच्या तोंडाशी स्टुलावर दोन मुलं बसली होती, मांडीवर वह्या. आम्हाला धावत येताना बघून त्यांतल्या एकाने हात वर केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"प्लीज, जरा थांबा," तो कुजबुजला. "निरीक्षण चालू आहे. आज पहिल्यांदाच तो फळीवर गेलाय."

मी आयुष्यात कुणाच्या मुलावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून वाचला.

खडू मात्र थांबली. त्याच्यामुळे नव्हे. लाकडावर पाय पडला की पूल हादरतो, हे तिच्या लक्षात आलं. ती चालत पुढे गेली, अगदी हळू, आणि दोरीपासून थोडी अलीकडे उभी राहिली. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. आमच्या घराण्याच्या पाठी फार बोलक्या.

"बाबा," ती म्हणाली, "मला ठरवता येत नाहीये."

दादा वळला नाही. पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाला, "तुला पटेल ते घे."

"तिन्ही बघितले मी. तिन्हीकडे तूच आहेस."

दादा पाण्याकडेच तोंड करून उभा.

"खरंच. तुझी चित्रं लावलीयत. भिंतभर. पाठमोरी. आईने तर ओळखलंच नाही आधी. म्हणाली, या माणसाच्या मानेवरचे केस कापायला हवेत."

"वाढलेतच!" माझ्या शेजारून वहिनी किंचाळली. रडत होती, पण आवाज भांडणाचा. "कधीपासून सांगतेय मी! ऐकतो का माझं?"

दादाचा हात उचलला गेला. खांबावरचा. तो हात खांब सोडून वर जाताना मी बघितला. हात मानेवर गेला. बायको ओरडली की नवऱ्याचा जातो तसा. त्याने मानेवरचे केस चाचपले, आणि चाचपता चाचपता मान मागे वळवली.

तेवढ्यात खडू दोरीखालून गेली आणि तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. ओढलं नाही, नुसती मुठीत धरली. दुसरी मूठ त्याच्यापुढे उघडली.

"हा तू आहेस," ती म्हणाली.

चष्म्याशिवाय दादाने तो तुकडा नाकापाशी धरला. "पाय मोडलाय याचा," म्हणाला.

"मी मोडला. काढताना. चिकटवलेला होता."

दादा दोरीच्या अलीकडे आला. वहिनीने खणातला चष्मा काढून, पदराने पुसून त्याच्या डोळ्यांवर चढवला, लहान मुलाला चढवावा तसा. चष्मा डोळ्यांवर आल्यावर त्याला स्टुलावरची मुलं दिसली, वह्या दिसल्या.

"हे रोज इथे होते?" त्याने विचारलं.

"सहा महिने," मी म्हटलं.

"मला वाटलं, कुणाचं लक्ष नाही." मग म्हणाला, "आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलायचं नसतं म्हणे. बोललं की माणूस बदलतो."

यावर दादा हसला. ते हसू मला पुन्हा ऐकायचं नाही.

त्यानंतरचं सांगायचं तर, डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, ऑफिसातून रजा आहे. प्राध्यापक बाईंविरुद्ध मी विद्यापीठाला असं पत्र लिहिलं, की छापखान्यातला मुलगा ते टाइप करताना दोनदा पाणी प्यायला. कठडा पुन्हा बसवला. उद्घाटन झालं नाही. तरी प्रकल्पाला वर्षातलं पहिलं बक्षीस मिळालं, ते कळलं टोपीवाल्याकडून. तो एकदा आमच्या दाराशी आला. काळ्या दोऱ्याचं टोक शोधत आला असावा. टोपी हातात होती.

"काका येत नाहीत आता पुलावर?" त्याने विचारलं. "म्हणजे... आमची शेवटच्या आठवड्याची माहिती अपुरी राहिलीय."

"आत ये," वहिनी म्हणाली, "आणि त्यांनाच विचार."

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने नुसतं डोकावून बघितलं, आणि दादाने मान वर करताच घाईने जिना उतरून गेला.

खडूने यंदा कुठेच प्रवेश घेतला नाही. शेवटची तारीख आली, गेली. फ्रिजवरची तिन्ही पत्रकं तशीच आहेत. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणते. "बाबा सांगेल तेव्हा. मी नाही ठरवणार." वहिनी चिडते, पोरीचं वर्ष वाया गेलं म्हणते. मी गप्प बसते. पोरगी माझीच भाची. दुकान बंद करायचं तर आधी सगळी येणीदेणी मिटवावी लागतात. दादाने एकेक करत मिटवत आणली होती. हिने एक खातं मुद्दाम उघडं ठेवलंय.

कंपासपेटीवरूनही दोघांचं मुक्याने चालू आहे. झोपण्यापूर्वी ती पेटी त्याच्या टेबलावर ठेवते. सकाळी पेटी पुन्हा तिच्या टेबलावर असते. कुणी कुणाला काही विचारत नाही. परवा सकाळी मी मुद्दाम लवकर उठून बघितलं. पेटी त्याच्या टेबलावरच होती. उघडलेली नव्हती. काल पुन्हा तिच्याकडे.

आमच्या घरात आता एक नियम आहे, विद्यापीठाच्या बरोबर उलटा. दादाची पाठ दिसली, की जो कुणी खोलीत असेल त्याने बोलायचं. काहीही बोलायचं. मूर्खासारखं बोललं तरी चालतं. मला ते फार जड जात नाही.

आज संध्याकाळी मी छापखान्यातून आले, तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. बाहेर बघायला काहीच नाही, समोरच्या इमारतीची भिंत. पिशवी खुर्चीवर होती, त्याच्यापासून बरीच लांब. चष्मा ओट्यावर, घड्या घालून.

मी पर्स ठेवली. मोठ्याने ठेवली.

"काय रे दादा, काय बघतोस?"

पाठ हलली नाही. नळ नवा आहे, गळत नाही, त्यामुळे घरात हल्ली अजिबात आवाज नसतो. मी चहाचं आधण ठेवलं, काडी ओढली, विझली, दुसरी ओढली.

"दादा. मी तुझ्याशी बोलतेय. साखर किती घालू?"

मला माहीत आहे तो किती घेतो. लहानपणापासून माहीत आहे. पण मी हातात डबा धरून उभी राहिले आणि त्याने सांगेपर्यंत झाकण उघडलं नाही.